अकरा हात

सबनीसनं बदामाची सत्ती टाकली आणि मी मनात नोंद केली: चौकट दोनच.

रविवारची दुपार होती. क्लबात पंखा फिरत होता, कारण कॉलनीची वीज अजून तोडली नव्हती. कारखान्याची तोडली होती. फाटकाला मालकाचं कुलूप आणि फाटकाबाहेर आमची माणसं, याला एकेचाळीस दिवस झाले होते. आणि मी, टूलरूमचा फिटर, युनियनचा सेक्रेटरी सदाशिव लोहार, आत बसून वर्क्स मॅनेजर सबनीसबरोबर ब्रिज खेळत होतो.

सकाळी फाटकावरून निघताना पॅकिंगच्या शेवंतामावशीनं मला गाठलंच होतं.

"पत्तं खेळून पोट भरतंय व्हय रं सदा?"

"मावशी, टाळेबंदीच्या आधीपासूनचं आहे ते. सोळा वर्षं."

"मग त्येला पत्तं खेळताना इचार. त्ये मशीन खरंच परत येणार का? आणि कागदावर घे. सही घे. माझ्या नवऱ्यानंबी मला तोंडीच सांगितलं हुतं, येतो म्हणून."

बाया हसल्या. मी पण हसलो.

प्रश्न त्या मशीनचाच होता. आम्ही वजनकाटे बनवायचो. दुकानदाराचे, सोनाराचे, औषधवाल्याचे. काट्याची दांडी ज्या धारेवर तोलली जाते त्या धारेची बैठक एकाच मशीनवर व्हायची, स्विस मशीन, म्हाताऱ्या मालकानं बोटीनं आणलेलं. बाकी कारखान्यात होतं ते कुणीही बनवेल. मॅनेजमेंटचं म्हणणं, मशीनची मापं हलली आहेत, बंगलोरला नेऊन जुळवून आणायची, वीस दिवसांत परत, आणि परत आलं की टाळं उघडणार. आमचं म्हणणं, मशीन गेलं की मागं राहतं ते भंगार, आणि भंगाराला दोनशे बारा माणसं लागत नाहीत. एकेचाळीस दिवस आम्ही फाटकातून एक खिळा बाहेर जाऊ दिला नव्हता. सोमवारी सकाळी ट्रक येणार होता. शनिवारच्या सभेत ठराव झाला: सदा सबनीसला ओळखतो, सदानं ठरवायचं. सदा म्हणेल तसं.

आता त्या डावाकडं येतो.

ब्रिज मी स्वतः शिकलो. सातवी पास. रद्दीतून एक फाटकं इंग्रजी पुस्तक आणलं आणि डिक्शनरी घेऊन एकेक पान चार चार दिवस वाचलं. साहेब लोकांना मी खेळताना बघून माकड सायकल चालवताना बघितल्यासारखा आनंद व्हायचा. माकड जिंकायला लागलं तेव्हा आनंद जरा कमी झाला. पण म्हाताऱ्या मालकाची पाटी होती भिंतीवर: 'टेबलाला चार बाजू असतात. पाचवी नाही. कामाचं बोलणं व्हरांड्यात.' टेबलावर मी त्याला नुसतं सबनीस म्हणायचो, अहोजाहो करून, पण साहेब न लावता. व्हरांड्यात पाय टाकला की पुन्हा साहेब. आता मी त्याला ना अहोजाहो करतो, ना साहेब म्हणतो.

माझा जोडीदार इसाक मुल्ला. फाउंड्रीत मोल्डर. साच्यांच्या वाळूत हात घालून घालून त्याची बोटं पुढं चपटी झाली होती आणि पत्ते धरताना तो ते विटा धरल्यासारखा धरायचा. विरुद्ध बाजूला सबनीस, आणि त्याचा जोडीदार कारखान्याचा डॉक्टर आगाशे, जो सगळ्या आजारांवर एकच गोळी द्यायचा आणि पत्तेही तसेच खेळायचा.

बोली आमची होती. इस्पिक हुकूम, आणि इसाकभाईनं जोर करून ती पाचावर नेली. पाच म्हणजे तेरापैकी अकरा हात आम्ही करायचे. खेळायचं मी. बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराला डमी म्हणतात. त्यानं आपली पानं टेबलावर उघडी मांडायची आणि गप्प बसायचं. त्याची पानंही मीच खेळायची. डमीनं सुचवायचं नाही, खोकायचंही नाही.

सबनीसनं बदामाचा एक्का वाजवला, मग राजा. दोन हात गेले. तिसरा बदाम मी हुकमानं मारला. आता एकही हात द्यायची सोय नव्हती. माझं कोडं एकच होतं, किलवरची राणी. एक्का आणि गुलाम डमीत, राजा आणि दश्शी माझ्याकडं, राणी त्या दोघांपैकी एकाकडं. सबनीसकडं असली तर एका बाजूनं खेळून सापडते, डॉक्टरकडं असली तर दुसऱ्या बाजूनं. चुकलो तर डाव एका हातानं बुडाला.

लोक अशा वेळी डोळे मिटून टाकतात. मी मोजतो. दुसऱ्याची पानं दिसत नाहीत, पण प्रत्येकाकडं तेराच असतात, आणि कुठली संपली हे खेळताना त्याला दाखवावंच लागतं. मी हुकूम दोनदा फिरवला. दोघांकडं दोन दोन निघाले. सबनीस बोलीत बदाम बोलला होता, त्याचे पाच. मग चौकटचा एक्का, राजा, आणि डमीतून राणी. तिन्ही आमच्याच, हात जायची भीती नाही, खेळायच्या त्या फक्त मोजण्यासाठी. तिसऱ्या फेरीला डॉक्टरनं चौकट दिली. मी दिली. सबनीसनं बदामाची सत्ती टाकली.

ज्याच्याकडं चौकट आहे त्यानं चौकटच द्यायची, हा पहिला नियम. बदाम टाकला म्हणजे चौकट संपली. दोन इस्पिक, पाच बदाम, दोन चौकट. नऊ. म्हणजे किलवर चार. डॉक्टरकडं तीन. ज्याच्याकडं जास्त, राणी त्याच्याकडं असण्याचा संभव जास्त. मी मनातल्या मनात राणी सबनीसला देऊन टाकली.

अशा वेळी खेळणाऱ्याला विचारायचा हक्क असतो. 'चौकट नाही?' एवढंच. डॉक्टर असता तर विचारलं असतं, त्याची चूक ठरलेली. सबनीसला मी सोळा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. टेबलावर साहेब नसतो ना. तरी विचारलं नव्हतं.

मी डमीतून किलवरचं छोटं पान मागितलं. डॉक्टरनं पान टाकलं, मी राजा घालायला हात उचलला, आणि...

नाही. चुकीचं सांगतोय. हे पंचवीस वर्षं मी मनात इतक्या वेळा खेळलोय की न झालेलं झाल्यासारखं वाटतं. पान मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सबनीस म्हणाला,

"लोहार, थांबा."

त्यानं आपल्या पानांतून चौकटची नव्वी काढली आणि टेबलावर सुलटी ठेवली.

"माझ्याकडं चौकट आहे. मी दिली नाही. माझी चूक."

डॉक्टर खुर्चीत उसळला. "अहो सबनीस! कुणी विचारलं होतं?"

"कुणी विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही?"

"स्वतःहून सांगायची सक्ती नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय!"

"नियमात नाही, डॉक्टर," सबनीस म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला. "माणसात असतं."

त्यानं कपाटावरचं आमच्या क्लबचं नियमाचं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि स्वतःच्याच विरुद्ध वाचून दाखवलं. ही फेरी लोहारांनी घेतली आहे. यापुढं आम्ही एखादा जरी हात केला, तर दंड म्हणून आमचा एक हात त्यांना. मग चष्मा पुसला आणि म्हणाला, "खेळा."

मी पुन्हा मोजलं. सबनीसच्या चौकट तीन, म्हणजे किलवर तीन. डॉक्टरकडं चार. राणी डॉक्टरकडं. डमीतून गुलाम काढला. डॉक्टरचा हात पानांवर जरा अडखळला आणि त्यानं छोटं पान दिलं. मीही छोटं दिलं. गुलाम उभा राहिला. पुढची फेरी, डॉक्टरचं पुन्हा छोटं, माझी दश्शी, तीही उभी. उरलेले सगळे आमचे. अकरा. बरोबर अकरा. त्यांनी पुढं एकही हात केला नाही, त्यामुळं दंडाचा प्रश्नच आला नाही.

"सुंदर," सबनीस म्हणाला. "राणी कशी पकडलीत, बघा डॉक्टर."

छाती फुगते हो माणसाची. माझी फुगली. इसाकभाई स्कोअरच्या निळ्या कागदावर आकडे लिहीत होता, खाली मान घालून. त्याला म्हटलं, "काय इसाकभाई?" तो म्हणाला, "झ्याक." पण पेन्सिल थांबली नव्हती.

व्हरांड्यात चहा आला. सबनीस कठड्याला टेकला.

"लोहार, उद्या ट्रक येणार."

"माहीत आहे साहेब."

"मशीन वीस दिवसांत परत. मी स्वतः बरोबर जाऊन स्वतः घेऊन येतो."

"माणसं कागद मागतात साहेब. सही."

"कागदाला वरून मंजुरी लागेल. मंजुरीला पंधरा दिवस. तोवर बंगलोरवाल्यांची तारीख जाईल, पुढची तीन महिन्यांनी. मग बसा उन्हात." त्यानं कप खाली ठेवला. "कागद आहेच की, लोहार. आत्ता आत टेबलावर ठेवला मी. तुम्ही वाचलात."

मी वाचला होता. सोळा वर्षं माणूस समोर बसलेला, आणि कुणालाही कळलेली नसताना आपली चूक उघडी करून दाखवतो. कुणी विचारलेलं नसताना. असा माणूस मशीनबद्दल खोटं बोलेल? शेवंतामावशीला कसं समजवायचं हे? तिला ब्रिज येत नव्हता. एवढंच मला वाटलं, ऐका, एवढंच: हिला ब्रिज येत नाही.

"ठीक आहे साहेब," मी म्हणालो.

इसाकभाई आणि मी चालत निघालो. पाण्याच्या टाकीपाशी त्यानं मला थांबवलं.

"सदा, एक काम कर. घरी जाऊन पत्तं मांड. त्यो डाव पुन्हा खेळ. मग उद्याचं ठरीव."

"का? काय झालं त्या डावात?"

"मला नीट सांगता येत न्हाई अजून. पर त्येनं दिलं काय आपल्याला, ते मोज. तू समद्यांचं मोजतोस. त्येवढं मोज."

"चूक कबूल केली त्यानं! नऊ फेऱ्यांत कुणाला कळली नव्हती..."

"आठ," इसाकभाई म्हणाला. "आठ झाल्या हुत्या. पाच राहिल्या हुत्या. तेच म्हणतुया मी."

मला राग आला. डाव मी खेळलो, राणी मी पकडली, आणि हा मला शिकवणार. मी हसत बोललो ते, पण बोललो.

"इसाकभाई, तुम्ही डमी होता. डमीनं बोलायचं नसतं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आपल्या चपट्या बोटांकडं बघितलं. "खरं हाय," म्हणाला, आणि आपल्या गल्लीला वळला. मी त्या दिवशी पत्ते मांडले नाहीत. मी भाकरी खाल्ली आणि झोपलो, आणि एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

सकाळी फाटकावर सगळे होते. ट्रक रस्त्यावर धूर सोडत उभा. मी बाकड्यावर चढून बोललो. सबनीसचा शब्द आहे म्हणालो. मी माणूस ओळखतो म्हणालो.

"आणि कागुद?" शेवंतामावशी.

"मावशी, माझ्यावर विश्वास आहे का नाही?"

"तुज्यावर हाय रं," ती म्हणाली. "तुज्यावरच हाय."

इसाकभाई गर्दीच्या पुढं आला. सदऱ्याच्या खिशावर हात. खिशातून निळ्या कागदाचं टोक दिसत होतं.

"काय इसाकभाई?" मी वरून विचारलं. सगळे बघत होते.

त्याचा हात खिशावर तसाच राहिला. "काय न्हाई," म्हणाला.

बाया उठल्या. कुणीतरी फाटकापुढचे दगड बाजूला केले. मशीन बाहेर काढायला क्रेन लावली तेव्हा त्याला ताडपत्री गुंडाळायला टूलरूमची माणसं हवीत म्हणाले. मी स्वतः गुंडाळली. दोऱ्या मीच आवळल्या. चांगल्या आवळल्या.

वीस दिवस झाले. साठ झाले. सबनीस मशीनबरोबर गेला तो खरोखरच गेला. बंगलोरच्या नव्या कारखान्यात त्याची नेमणूक त्याआधीच झाली होती, घरही मिळालं होतं. बायकोनं भांडी आधीच पाठवली होती, हे त्यांच्या मोलकरणीला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पाचव्या महिन्यात कारखाना बंद झाल्याची नोटीस फाटकावर लागली. दोनशे बारा. कोण कुठं गेलं त्याची यादी मी देणार नाही. मला तोंडपाठ आहे आणि ती माझ्यापाशीच राहू दे. शेवंतामावशी मला नंतर एकदाच भेटली, स्टँडवर, केळी विकत होती. तिनं मला शिवी दिली नाही. दोन केळी दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी आठवडी बाजारातून काटे दुरुस्त करत फिरलो. आमच्याच कारखान्याचे काटे. मग बॅटरीवरचे आले आणि तेही संपलं. पत्ते मी पुन्हा हातात धरले नाहीत. इसाकभाई मिरजेला मुलीकडं गेला. फाउंड्रीची वाळू छातीत घेऊन गेला. मी वर्षातून एकदा जायचो. आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. कारखान्याचं कधी नाही. डावाचं कधीच नाही. मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे, मला लाज वाटेल म्हणून विषय काढत नाही.

तो गेला ते मला चौथ्या दिवशी कळलं. त्याची बायको जैबुनभाभी ओट्यावर बसली होती. मला बघून ती आत गेली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली. डब्यात मोल्डरची लहान थापी होती, रेशनकार्ड होतं, आणि घड्या पडून पडून कापडासारखा मऊ झालेला निळा कागद होता.

"हे तुमचं हाय, ह्ये म्हणायचं," ती म्हणाली. "सदानं इचारलं तर दे. न इचारता देऊ नको. तुमी इचारलंच न्हाई कधी. आता कुणाची वाट बघू?"

एका बाजूला स्कोअर. मागच्या बाजूला पेन्सिलीनं चौकोन काढलेला, त्याच्या चारी बाजूंना चौघांची पानं. माझी, त्याची, डॉक्टरची, सबनीसची. सत्तीभोवती गोल. नव्वीभोवती गोल. आणि सबनीसच्या शेवटच्या पाच पानांखाली रेघ: एक बदाम, तीन किलवर, आणि ती चौकट.

पाच पानं. पाच फेऱ्या राहिल्या होत्या. ती चौकट त्याला त्या पाचांत कधीतरी टाकावीच लागणार होती, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी पान विसरत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो गप्प बसला असता, तर मी राणी सबनीसकडं धरून चुकलो असतो, एक हात गेला असता, माझे दहा झाले असते. मग चौकट पडली असती, मी ओरडलो असतो, आणि दंडाचा एक हात मला परत मिळाला असता. खाली इसाकभाईच्या वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या.

बोलला – ११.

न बोलला – ११.

आणि त्याखाली तारीख. त्याच रविवारची.

जैबुनभाभीनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"एक इचारू का भाऊजी? लई वर्सं मनात हाय."

"विचारा."

"ह्ये सारखं म्हणायचं, मी डमी हुतो, डमी हुतो. आजारपणात तापात बी म्हणायचं. डमी म्हंजी काय असतं ओ?"

"खेळात असतो तो," मी म्हणालो. "त्याला सगळं दिसतं. पण त्याला बोलायची मुभा नसते."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"कुणाची मुभा?" तिनं विचारलं.